दारोदारची वर्गणी : आर्णी परिसरातील श्रीगुरुदेव सेवा मंडळाची वाटचाल

श्रीगुरुदेव सेवा मंडळाच्या गावशाखेचा इतिहास तिच्या वर्गणीपासून लिहावा, असे मला फार दिवसांपासून वाटत आले आहे. भजने, प्रार्थना आणि पुण्यतिथी यांविषयी पुष्कळ लिहिले गेले. पण पाऊस वेळेवर आला तर घरात चार पैसे राहतात आणि नाही आला तर सावकाराचे दार गाठावे लागते, अशा गावात वर्षानुवर्षे एक सेवाभावी मंडळ कशाच्या बळावर उभे राहते, हे लिहून ठेवलेले क्वचितच दिसते. यवतमाळ जिल्ह्यातले, अरुणावतीच्या काठचे आपले आर्णी आणि आजूबाजूची खेडी, तांडे, पोड यांना समोर ठेवून तो हिशेब मांडावा, म्हणून हे लेखन.

मुळापासून सुरुवात करू. मंडळाचे संस्थापक राष्ट्रसंत तुकडोजी महाराज, म्हणजे माणिक बंडोजी इंगळे, यांचा जन्म ३० एप्रिल १९०९ रोजी अमरावती जिल्ह्यातील यावली या गावी झाला. वरखेडचे आडकोजी महाराज त्यांचे गुरू. तुकड्या हे नाव त्यांनीच दिले. रामटेक, सालबर्डीच्या रानात तपश्चर्येचा काळ गेला आणि पुढे हाती खंजिरी घेऊन हा तरुण वऱ्हाड-नागपूर भागात गावोगाव फिरू लागला. १९३५ मध्ये मोझरीला, नागपूर-अमरावती रस्त्याच्या कडेला, गुरुकुंज आश्रमाची स्थापना झाली. दुसऱ्या वर्षी गांधीजींच्या सहवासात सेवाग्रामला राहणे झाले. १९४२ च्या ऑगस्टमध्ये चिमूर आणि आष्टी पेटले, तेव्हा त्यामागे महाराजांच्या भजनांचा हात असल्याचे सरकारने ओळखले होते. २८ ऑगस्टला त्यांना अटक झाली आणि नागपूर व रायपूरच्या तुरुंगात राहून ते डिसेंबरमध्ये सुटले.

मंडळाच्या जन्माचे कारण मला या तुरुंगवासात दिसते. खंजिरीवर हजारो माणसे गोळा होत होती, पण ती एका माणसाभोवती गोळा होत होती. तो माणूस गजाआड गेला की गावाने काय करायचे? सुटकेनंतरच्या वर्षी, १९४३ मध्ये, अखिल भारतीय श्रीगुरुदेव सेवा मंडळ स्थापन झाले आणि ‘श्रीगुरुदेव’ मासिकही सुरू झाले. आता प्रत्येक गावात आपली शाखा, आपला सेवाधिकारी, आपली प्रार्थना. महाराज येवोत न येवोत, संध्याकाळी प्रार्थनेला बसायचे आणि सकाळी झाडू हाती घ्यायचा.

सामुदायिक प्रार्थनेच्या अधिष्ठानावर मूर्ती नसते. एक आसन मांडलेले असते आणि त्याच्यासमोर पांढऱ्या कपड्यांतली, भगवी टोपी घातलेली माणसे रांगेत शिस्तीने बसतात. जात, धर्म, श्रीमंती पाहून जागा ठरत नाही. आसन रिकामे ठेवण्यात महाराजांचा विचार होता. गुरुदेव म्हणजे कोणी एक व्यक्ती नव्हे, हे गावाच्या डोळ्यांसमोर रोज राहावे. त्याचा वर्गणीशीही जवळचा संबंध आहे. जिथे मूर्ती नाही, तिथे दागिने नाहीत, दानपेटी नाही, नवसाचे पैसे नाहीत. देवळाला जे उत्पन्न आपोआप मिळते ते मंडळाने पहिल्या दिवसापासून सोडून दिले. मग उरला एकच मार्ग : दारोदार जाऊन मागणे.

मागण्याचाही हंगाम असतो. महाराजांचे निर्वाण ११ ऑक्टोबर १९६८ रोजी झाले. गुरुकुंजात आश्विन वद्य पंचमीला पुण्यतिथी महोत्सव होतो, दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी लाखोंचा जनसमुदाय मौन उभा राहून श्रद्धांजली वाहतो. गावच्या शाखांचे सप्ताह मात्र त्यानंतर, दिवाळी आटोपल्यावर सुरू होतात आणि पार माघापर्यंत एका गावाहून दुसऱ्या गावाला सरकत राहतात. बाहेरच्या माणसाला याचे नवल वाटते. शेतकऱ्याला वाटत नाही. सोयाबीनची गंजी निघून बाजारात गेलेली असते, कापसाच्या पहिल्या वेच्याचे पैसे आलेले असतात, तूर फुलावर किंवा शेंगेवर असते. आषाढ-श्रावणात, जेव्हा बियाणे-खतांत घर रिकामे झालेले असते, तेव्हा मंडळ कोणाच्या दारात जात नाही. वर्गणीचा हा पंचांगाबाहेरचा मुहूर्त कोणी ठराव करून ठरवलेला नाही. ज्यांच्याकडे मागायचे त्यांचे घर मागणाऱ्यांना ठाऊक होते, एवढेच.

आणि मागायचे ते धान्य. नोटांचे पावती पुस्तक नंतर आले. खळ्यावर रास पडली की सुपभर ज्वारी, पायलीभर तूर, मुगाची डाळ, एखाद्या घरचा गूळ, किराणा दुकानदाराकडून तेलाचा पिपा, अशी सप्ताहाची शिदोरी गोळा होई. भूमिहीन मजुराकडे धान्यही नसे. तो म्हणे, मंडप घालायला माझे दोन दिवस लिहा. सरपण फोडणे, पाणी भरणे, चुली खणणे, आलू-वांग्याची भाजी चिरणे, पंगती वाढणे हे सारे वर्गणीतच धरले जाई. रोख पन्नास रुपये देणारा आणि दोन दिवस कुदळ मारणारा पंगतीत शेजारी बसत. माझ्या मते मंडळाच्या आयुष्यातली ही सर्वांत मोलाची गोष्ट आहे. पैसा हे एकच माप लावले असते तर अर्धे गाव घेणाऱ्यांच्या बाजूला उभे राहिले असते. श्रमाचे माप लावल्यामुळे देणाऱ्यांच्या बाजूला सगळे गाव आले.

१९५५ मध्ये पूर्ण झालेल्या ग्रामगीतेत या पद्धतीला शास्त्राचे रूप मिळाले. ४१ अध्यायांच्या या ग्रंथात सेवा-सामर्थ्य, संघटन-शक्ती, ग्राम-शुद्धी, ग्राम-आरोग्य, गरिबी-श्रीमंती, श्रम-संपत्ती असे स्वतंत्र अध्याय आहेत. गावात काम करणाऱ्याला तो ग्रंथ वाचताना एक गोष्ट जाणवते : श्रम हे धनच आहे, हे महाराज उपदेशाच्या ओघात सांगून सोडत नाहीत, त्यावर ते गावाची सगळी मांडणी उभी करतात. ज्या वर्षी ग्रामगीता आली त्याच वर्षी महाराज जपानला विश्वधर्म आणि विश्वशांती परिषदेला जाऊन आले. पुढे १९५६ मध्ये भारत साधू समाज स्थापन झाला तेव्हा अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. एवढ्या धावपळीतही त्यांचे लक्ष गावच्या गटारावरून आणि शाळेवरून हटले नाही, याचे श्रेय त्या ग्रंथाला द्यावे की त्या माणसाला, हे वेगळे करता येत नाही.

थोड्याथोडक्यातून मोठे काम उभारण्याची ही रीत महाराष्ट्राला नवी नव्हती. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी वर्षाला एक पैसा मागत पैसा फंड उभारला, लोकमान्यांनी त्याला बळ दिले आणि १९०८ मध्ये तळेगाव दाभाड्याला त्या पैशातून काचेचा कारखाना सुरू झाला. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेने मुष्टिफंड चालवला. घरोघरच्या बाया दळणाआधी मूठभर धान्य वसतिगृहातल्या मुलांसाठी बाजूला काढत. आपल्याच जिल्ह्याच्या शेजारचे एक उदाहरण मात्र मला यांहूनही जवळचे वाटते. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयातले डॉ. उल्हास जाजू यांनी ऐंशीच्या दशकात वर्धा जिल्ह्यातल्या खेड्यांत ज्वारीच्या रूपात आरोग्य विम्याचा हप्ता घ्यायला सुरुवात केली. सुगीला ज्याने त्याने आपल्या शेतीच्या मानाने ज्वारी द्यायची, आणि आजारपणात गावाला रुग्णालयाचा आधार. तिथेही गावातली बहुतेक घरे सामील झाल्याशिवाय योजना लागू होत नसे. देणारा एकटा श्रीमंत नको, देणारे सगळे हवेत. मंडळाच्या वर्गणीमागेही हेच तत्त्व आहे.

आता जमवलेल्याचे झाले काय, ते पाहू.

सगळ्यांत जुने काम ग्रामसफाईचे. सप्ताहात पहाटे सामुदायिक ध्यान, त्याआधी-नंतर गल्ल्यांची झाडलोट, मग सडा-रांगोळ्यांनी सजलेल्या रस्त्याने रामधून. चौकात थांबून एखादा कार्यकर्ता व्यसनमुक्तीवर, शाळेवर, शौचालयावर दहा मिनिटे बोलतो. ३० एप्रिलला महाराजांची जयंती ग्रामजयंती म्हणून साजरी होते, ती त्यांच्या इच्छेनेच : माझी जयंती नको, गावाची करा. राज्य सरकारने २०००-०१ मध्ये संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले, तेव्हा विदर्भातल्या अनेक गावांत पहिला झाडू भगव्या टोपीच्या हातात दिसला. गाडगेबाबांशी महाराजांचे नाते फार जिव्हाळ्याचे होते. एकाच अमरावती जिल्ह्याच्या मातीतले हे दोघे. एकाची खंजिरी, दुसऱ्याचा खराटा, आणि दोघांच्याही कीर्तन-भजनाचा शेवट कामात व्हायचा.

यात्रेतले काम त्यानंतरचे. आर्णीला बाबा कंबलपोष यांच्या दर्ग्यावर हिंदू-मुसलमान दोघेही श्रद्धेने येतात. माहूरच्या रेणुकेला आणि दत्तशिखरावर जाणारे भाविक याच वाटेने पुढे सरकतात. नागपूर-तुळजापूर महामार्गही गावातूनच जातो. ग्रामगीतेत यात्रा-मेळे या नावाचा एक अध्यायच आहे आणि यात्रेकडे लोकशिक्षणाचा मळा म्हणून पाहायला महाराज शिकवतात. पाण्याची व्यवस्था, हरवलेली मुले, म्हाताऱ्यांना हात, उष्टावळीची विल्हेवाट ही कामे दिसत नाहीत आणि त्यांना छायाचित्रही मिळत नाही. सर्वधर्मी प्रार्थनेवर वाढलेल्या सेवकाला दर्ग्याच्या यात्रेत पाणी वाटताना वेगळे काही करतोय असे वाटत नाही. आर्णीसारख्या गावात हे संस्कार टिकवणे रस्ता बांधण्याइतकेच गरजेचे काम आहे, असे मी मानतो.

संकटकाळच्या मदतीचा धडा खुद्द महाराजांनीच घालून दिला होता. बंगालच्या दुष्काळात, १९६२ आणि १९६५ च्या युद्धांच्या वेळी, डिसेंबर १९६७ मध्ये कोयनेच्या भूकंपानंतर ते धावून गेले आणि लोकांकडून मदत उभी केली. सैनिकांना धीर द्यायला त्यांनी सीमेवर जाऊन भजने म्हटली. गावशाखेची मदत याच्या मानाने लहान असते : जळालेल्या गोठ्याला टिना, पुरात घर वाहून गेलेल्याला महिन्याचा किराणा, बापावेगळ्या पोरीच्या शिक्षणाची फी. पण ती तहसीलच्या पंचनाम्याआधी पोचते.

लग्न आणि तेरवी यांवर मंडळाने केलेले काम मला या सगळ्यांपेक्षा खोल वाटते, म्हणून त्यावर थोडे थांबतो. आपल्या शेजारच्या महागाव तालुक्यातले चिलगव्हाण. १९८६ च्या मार्चमध्ये तिथल्या एका शेतकरी कुटुंबाने जीवन संपवले आणि त्या घटनेपासून महाराष्ट्र शेतकरी आत्महत्यांचा हिशेब मोजू लागला. पुढच्या काळात यवतमाळ जिल्ह्याचे नाव त्या यादीत सतत राहिले. नापिकी, पडलेले भाव आणि सिंचनाचा अभाव ही मोठी कारणे कोणत्याही गावमंडळाच्या आवाक्यातली नाहीत. पण कर्जाच्या डोंगरात लग्नाचा आणि तेरवीचा वाटा किती, हे प्रत्येक घराला माहीत असते. ग्रामगीतेत वैवाहिक जीवन आणि अंत्यसंस्कार यांवर महाराजांनी लिहिले ते याच जाणिवेतून. गुरुदेवभक्तांच्या घरी लग्न साध्या पद्धतीने लागते, हुंडा मागितला जात नाही, सामुदायिक विवाहात सगळ्यांचा मांडव एक असतो. घरात माणूस गेला तर तेरवीच्या जेवणावळीऐवजी प्रार्थना आणि मौन श्रद्धांजली. वाचलेल्या खर्चातून काही रक्कम शाळेला, वाचनालयाला किंवा मंडळाला ‘यांच्या स्मरणार्थ’ म्हणून येते. मागायला न जाता येणारी ही एकच देणगी. ती घेताना हात जड होतात, म्हणून तिचा विनियोगही जपून व्हायला हवा. कित्येक खंजिरी भजन स्पर्धांची बक्षिसे, शाळेतल्या गुणवंतांची पारितोषिके, प्रार्थना मंदिरातल्या सतरंज्या अशाच स्मरणांतून आल्या आहेत.

हिशेबाविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. सार्वजनिक कामासाठी पैसे गोळा करणाऱ्या संस्थेची धर्मादाय आयुक्तांकडे नोंद, दरवर्षीचे लेखापरीक्षण, तात्पुरत्या वर्गणीसाठी १९५० च्या विश्वस्त कायद्यातल्या कलम ४१ क प्रमाणे परवानगी, हे सगळे आता टाळता येत नाही आणि टाळूही नये. काही जुन्या कार्यकर्त्यांना कागदपत्रांचा कंटाळा येतो. आमच्यात विश्वास आहे, कागद कशाला, असे ते म्हणतात. मला हे पटत नाही. विश्वास आहे म्हणूनच कागद हवा. गोपालकाल्याच्या दिवशी, कीर्तन संपून महाप्रसादाच्या पंगती बसण्याआधी, सगळ्या गावासमोर जमाखर्च वाचून दाखवण्याची पद्धत ज्या शाखांनी सांभाळली, त्यांना दुसऱ्या वर्षी मागायला त्रास पडला नाही. ज्वारी किती आली, किती शिजली, उरलेली कोणत्या घरी पोचवली, हेसुद्धा वाचले जाई. अमक्याचे दोन दिवस मंडपाला, हेही. ज्याचे नाव वाचले गेले तो पुढच्या वर्षी स्वतःहून येई.

गेल्या काही वर्षांत खर्चाचा तोल बिघडला आहे, हे या स्मरणिकेत नोंदवले नाही तर ती अपुरी राहील. सप्ताहाच्या वर्गणीतला मोठा भाग मंडप, ध्वनिक्षेपक, फ्लेक्स आणि जेवणावळीत जातो. सात दिवस गाव दणाणते आणि आठव्या दिवशी प्रार्थनेला पाच माणसे असतात. महाप्रसाद हवा, एकत्र पंगतीने या भागात जातिभेदाच्या ज्या भिंती पाडल्या त्या व्याख्यानांनी पडल्या नसत्या. पण जमलेल्या रकमेतला निम्मा भाग तरी वर्षभराच्या सेवेसाठी बाजूला ठेवावा, असा नियम प्रत्येक शाखेने करावा, ही माझी आग्रहाची मागणी आहे. मोतीबिंदूच्या रुग्णांना सेवाग्रामला नेण्या-आणण्याचे भाडे, रक्तदान शिबिर, उन्हाळ्यात बालसंस्कार शिबिर, स्पर्धा परीक्षेच्या पोरांसाठी बसायला जागा आणि दिवा, या गोष्टींना फार पैसे लागत नाहीत. लागतात ते बारा महिने लागतात.

चित्र निराशेचे मात्र नाही. महिलांची भजनी मंडळे आज बऱ्याच गावांत पुरुषांपेक्षा नियमित आहेत. महिलोन्नतीवर स्वतंत्र अध्याय लिहिणाऱ्या महाराजांना हे पाहून समाधान वाटले असते. बचतगटात हिशेब शिकलेल्या या बाया वर्गणीची वही नीट ठेवतात, दारू सोडवण्याच्या कामात त्यांचा शब्द चालतो, आणि खंजिरीवर त्यांची थाप ऐकावी अशी पडते. तांड्यावरच्या बंजारा मुलींनी आपल्या बोलीची लय भजनाला दिली की प्रार्थनेला नवाच रंग चढतो. नोकरीसाठी पुण्या-नागपूरला गेलेली पोरे आता क्यूआर कोडवर पैसे पाठवतात. रक्कम मोठी असते, आनंदही होतो. तरी त्या पोरांना माझे सांगणे असते की सप्ताहात एक दिवस या आणि पंगत वाढा. पैसे पाठवणाऱ्याचा आणि गावाचा संबंध पंगत वाढल्याशिवाय टिकत नाही.

२००५ मध्ये नागपूर विद्यापीठाला राष्ट्रसंतांचे नाव मिळाले. त्या विद्यापीठात आणि आपल्या अमरावती विद्यापीठात महाराजांच्या साहित्यावर प्रबंध लिहिले जातात. गावशाखांच्या कामावर मात्र अभ्यास फार थोडा झाला, कारण साधने विखुरलेली आहेत. सप्ताहाची वर्गणीची वही पुढच्या वर्षी रद्दीत जाते. सेवाधिकारी बदलला की इतिवृत्त त्याच्या माळ्यावर राहते. ‘श्रीगुरुदेव’ मासिकाचे जुने अंक वाळवीने खाल्ले. पहिल्या पिढीतल्या अनेक गुरुदेवसेवकांनी महाराजांना आपल्या डोळ्यांनी पाहिले होते. त्या पिढीतली जी मोजकी माणसे आज आहेत, ती नव्वदीच्या आसपास आहेत.

म्हणून आर्णी तालुक्यातल्या प्रत्येक शाखेला विनंती आहे. घरात जुनी पावती पुस्तके, धान्याच्या नोंदींच्या वह्या, सभांची इतिवृत्ते, निमंत्रणपत्रिका, सप्ताहाची छायाचित्रे असतील तर ती फेकू नका. त्यांची मोबाइलवर छायाचित्रे काढून ठेवा, पानांवर गाव आणि साल लिहा आणि मूळ प्रती प्रार्थना मंदिराच्या कपाटात एकत्र आणा. वयोवृद्ध सेवकांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करा. त्यांना महाराजांविषयी विचाराच, पण वर्गणी कशी मागायचे, कोण नाही म्हणायचे आणि नाही म्हणणाऱ्याच्या दारात दुसऱ्या वर्षी कसे जायचे, हेही विचारा. ग्रामजयंतीपर्यंत निम्म्या शाखांनी एवढे केले, तरी पुढच्या स्मरणिकेत आपल्या तालुक्याचा इतिहास गावनिहाय, सालवार आणि नावानिशी छापता येईल.